'मरत नाही' ही शिफारस नव्हे

मासे पाळायची पहिलीच वेळ असली की दुकानात ठरलेला सल्ला मिळतो : "झेब्रा न्या, मरत नाही." सोबत एक गोल काचेचा बाऊल, मूठभर रंगीत खडे, प्लास्टिकचं झाड आणि दाण्यांची डबी. मासे किती घ्यायचे, असं विचारलं तर उत्तर येतं, "दोन न्या, जोडी राहील." छोट्या जाळीने दोन मासे उचलले जातात, पिशवीत सोडले जातात, वर रबरबँड बसतो आणि गिऱ्हाईक दहा मिनिटांत बाहेर पडतं. शेजारी, नातेवाईक, ऑफिसातले सहकारी सगळे हेच सांगतात. हा सल्ला इतका अंगवळणी पडला आहे की त्यावर कोणी वाद घातला तर लोकांना ते अति वाटतं. एवढासा मासा, त्याचा केवढा ऊहापोह! मला हा ऊहापोह गरजेचा वाटतो. कारण या सल्ल्यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे, आणि त्या चुकीची किंमत ज्याला मोजावी लागते त्याला तक्रार करता येत नाही.

ज्याच्याबद्दल हे बोललं जातं तो झेब्रा डॅनिओ आपल्याच उपखंडातला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवर मोठा ग्रंथ लिहिला. १८२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात या माशाची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा झाली. भारत, नेपाळ आणि बांगलादेशातल्या ओढ्यांच्या कडेचं उथळ पाणी, भातखाचरं, संथ पाट ही त्याची राहण्याची ठिकाणं. लांबी तीन-चार सेंटिमीटर. अंगावर डोक्यामागून थेट शेपटीच्या टोकापर्यंत गेलेले निळसर काळे आणि रुपेरी पट्टे. हा मासा एकटा राहत नाही. संथ पाण्यात त्याचे थवे लहान असतात, वेगाने वाहणाऱ्या पाण्यात ते शेकड्यांवरही जातात. 'शांत स्वभावाचा, थव्याने राहणारा मासा' असं त्याचं वर्णन दुकानदारही करतो. आणि पिशवीत मात्र दोनच घालून देतो.

आधी 'मरत नाही' हेच घेऊ. झेब्रा कणखर आहे, यात वाद नाही. मूळ प्रदेशात थंडीतलं गार पाणी आणि उन्हाळ्यात तिशीपार गेलेलं पाणी, दोन्ही तो सोसतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात त्याच्या हृदयाच्या मुख्य कप्प्याचा सुमारे पाचवा हिस्सा कापून काढला होता, तरी दोनेक महिन्यांत ते हृदय पुन्हा भरून आलं. पण कणखर जिवालाही त्रास होतोच, फक्त तो त्रास होत असतानाही जगत राहतो. नाजूक मासा आपली चूक दुसऱ्याच दिवशी दाखवून देतो. तो पाण्यावर उताणा तरंगतो आणि माणूस निदान विचारात तरी पडतो. झेब्रा तीच चूक आठवडेच्या आठवडे अंगावर काढतो, आणि आपलं सगळं ठीक चाललं आहे अशी मालकाची समजूत होते. ज्या गुणाचं कौतुक व्हायचं, तोच गुण त्याची हयगय करायचा परवाना होऊन बसला आहे.

याचं सगळ्यात वाईट रूप म्हणजे नव्या टाकीत 'आधी झेब्रा सोडून बघा' हा सल्ला. ते जगले की मग महागडे मासे आणायचे. म्हणजे पाणी जोवर विषारी आहे तोवर ते स्वस्त माशाने भोगायचं आणि निवळलं की महागड्याने त्यात यायचं. शिवाय 'मरत नाही' हे शब्दशः पाहिलं तरी खरं नाही. नीट ठेवलेला झेब्रा तीन वर्षं सहज काढतो, कधी पाचही. बाऊलमधला सहा महिने टिकला तर लोक दुकानदाराला धन्यवाद देतात. जो आयुष्याच्या पहिल्या टप्प्यातच गेला, त्याला 'टिकला' म्हणायची सवय आपल्याला लागली आहे.

बाऊलमध्ये नेमकं काय होतं, ते समजून घ्यायला हवं. मासा कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले दाणे कुजून त्यात भर घालतात. फिल्टरवर आणि खडीवर वाढणारे सूक्ष्म जीव या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग त्याचं नायट्रेट होतं, ते बरंच सौम्य असतं आणि पाणी बदलून काढता येतं. ही साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बाऊलमध्ये फिल्टर नसतो, त्यामुळे या जीवांना वाढायला जागाच नसते. जे थोडेफार खड्यांवर धरतात, ते दर रविवारी खडे नळाखाली चोळून धुताना निघून जातात. मग सगळं पाणी ओतून नळाचं ताजं पाणी भरलं जातं. त्यातलं क्लोरीन कल्ल्यांना भाजतं, तापमान एका क्षणात बदलतं आणि साखळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ज्या घरात ही स्वच्छता अगदी काटेकोर असते, तिथे मासे जास्त मरतात. त्या माणसांनी मनापासून कष्ट घेतलेले असतात. त्यांना सल्लाच चुकीचा मिळालेला असतो.

अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पाणी नितळ आहे यावर लोक निर्धास्त राहतात. त्याचा घातक भाग पाण्याच्या सामूवर अवलंबून असतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला साधारण अर्धा टक्का घातक रूपात असतो. सामू ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या पुढे जातो. जवळपास दहापट. बोअरवेलचं जड पाणी वापरणाऱ्या घरांत सामू ८ च्या आसपास जाणं काही नवलाचं नाही. झेब्राला असं पाणी एरवी मानवतं. पण बिनफिल्टरच्या बाऊलमध्ये तेच पाणी त्याच्या जिवावर उठतं. काही जण मग 'शुद्ध' म्हणून आरओचं पाणी भरतात. त्यातले क्षार निघून गेलेले असतात आणि माशाच्या शरीराला ते क्षार लागतात. त्यामुळे त्या शुद्धतेचाही उपयोग होत नाही.

दुसरं विधान असं : मासा लहान, म्हणून जागा लहान चालते. जागा माशाच्या लांबीवर ठरत नाही, तो जगतो कसा यावर ठरते. झेब्रा हा सतत सरळ रेषेत पोहणारा, वेगवान मासा. त्याला उंचीपेक्षा लांबी हवी. गोल बाऊलमध्ये सरळ रेषाच नाही. शिवाय प्राणवायू पाण्यात मिसळतो तो पृष्ठभागातून. लोट्यातल्या आणि परातीतल्या पाण्याचं माप एकच असलं तरी हवेला लागलेला भाग परातीत कितीतरी जास्त असतो. गळ्यापर्यंत भरलेला बाऊल हा लोट्याच्या जातीचा. गोल बाऊलविरुद्धची ही तक्रार फक्त छंदिष्टांची नाही. इटलीतल्या मोंझा शहराने २००४ मध्ये आणि रोम शहराने २००५ मध्ये असे बाऊल वापरायला बंदी घातली.

इथे जाणकार प्रतिपक्षी एक खरोखर चांगला मुद्दा काढतो. संशोधन संस्थांमध्ये झेब्रा मासे लिटरला चार-पाच या हिशेबाने लहान लहान टाक्यांत ठेवतात, आणि ते तिथे जगतात, अंडी घालतात. मग घरच्या बाऊलवरच आक्षेप का? मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठात या माशावर काम केलं आणि १९८१ मध्ये त्याचे क्लोन तयार केल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून तो जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला, पुण्या-मुंबईतल्याही. २०१३ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात जोड सापडते, हे समोर आलं. या प्रयोगशाळांतली टाकी लहान दिसते, पण तिच्यातलं पाणी थांबलेलं नसतं. ते सतत वाहत बाहेर पडतं, मोठ्या सामाईक गाळणीतून आणि अतिनील किरणांखालून जाऊन परत येतं. तापमान २८ अंशांच्या आसपास धरलेलं असतं. उजेड आणि अंधाराचे तास ठरलेले असतात. पाण्याची तपासणी हा कुणाच्या तरी रोजच्या कामाचा भाग असतो. म्हणजे माशाच्या वाट्याला प्रत्यक्षात येतं ते शेकडो लिटर पाणी. आणि तिथेही मासे एकेकटे न ठेवता गटाने ठेवतात.

या उदाहरणातून बाऊलचं समर्थन होत नाही, उलट ते आपल्याला खाली मान घालायला लावतं. जिथे मासा हे प्रयोगाचं साधन आहे, तिथे त्याला स्वच्छ वाहतं पाणी आणि सोबत मिळते. जिथे मुलं त्याचं नाव ठेवतात, तिथे त्याला साचलेलं पाणी आणि एकटेपणा मिळतो. प्रयोगशाळेतलं जिणं आदर्श आहे, असं मी म्हणत नाही. पण जी किमान काळजी संशोधकाला टाळता येत नाही, ती हौसेने मासा आणणाऱ्याला तरी का टाळता यावी?

तिसरं विधान 'जोडी राहील' हे. दिसायला सगळ्यात निरुपद्रवी आणि प्रत्यक्षात सगळ्यात घातक. माणसांच्या जोडीची कल्पना आपण माशावर लादतो. थव्यातल्या माशाची सुरक्षितता संख्येत असते. कार्ल फॉन फ्रिश यांनी, मधमाश्यांच्या नृत्यभाषेमुळे ज्यांना पुढे १९७३ मध्ये नोबेल मिळालं त्यांनीच, १९३८ मध्ये मिनो नावाच्या लहान माशांबद्दल एक गोष्ट दाखवून दिली. एखाद्या माशाच्या त्वचेला इजा झाली की तिच्यातून पाण्यात एक द्रव्य मिसळतं आणि त्या वासाने सगळा थवा सावध होतो. झेब्रातही हा धोक्याचा इशारा आहे. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये त्याच्यावर प्रयोग केले. त्यात हा वास एकट्या माशाला दिला तेव्हा तो जास्त घाबरला, आणि थव्याची चाहूल लागत असेल तेव्हा कमी. सोबत त्याची भीती खरोखर उतरवते. भीती वाटून घ्यायची आणि ती आवरायची व्यवस्था त्याच्या शरीरातच आहे, आणि त्या व्यवस्थेचा अर्धा भाग म्हणजे बाकीचे मासे.

आता दोनच मासे ठेवले तर काय होतं? ज्या संशोधकांना झेब्राची आक्रमकता अभ्यासायची असते, ते नेमके दोन नर काही काळ वेगळे ठेवतात आणि मग एका लहान टाकीत एकत्र सोडतात. थोड्याच वेळात झुंज लागते, एक जिंकतो, दुसरा हरतो आणि हरलेला कोपरा धरतो. भांडण लावण्याची जी पद्धत प्रयोगशाळेत मुद्दाम वापरतात, तीच आपण 'जोडी' म्हणून घरी आणतो. फरक एवढाच की प्रयोगशाळेतली झुंज थोड्या वेळात संपवून मासे वेगळे करतात. बाऊलमधल्या हरलेल्याला पळायला जागा नसते आणि ते दिवसरात्र चालतं. आठ-दहा मासे असले की हीच कुरबूर वाटली जाते. कुणी कुणाच्या मागे क्षणभर लागतो, मध्ये तिसरा येतो, पाठलाग मोडतो.

ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये घरच्या टाक्यांत नेहमी दिसणाऱ्या चार जातींवर हीच गोष्ट तपासली. त्यांत निऑन टेट्रा होता, व्हाइट क्लाउड होता, टायगर बार्ब होता. मासे एक, दोन, पाच आणि दहा अशा गटांत ठेवून पाहिले. कल एकाच दिशेला होता : संख्या वाढली की थव्याने वागणं वाढतं, एकटेदुकटे मासे वाईट अवस्थेत असतात. म्हणजे हा प्रश्न झेब्रापुरता नाही. दुकानातल्या लाल-निळ्या निऑनची 'जोडी' नेणाऱ्याने हेच ध्यानात घ्यायचं आहे.

झेब्रा 'भांडखोर' आहे, गप्पीच्या शेपट्या कुरतडतो, अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुतेक वेळा दोन-तीनच झेब्रा ठेवलेले असतात. शांतपणा हा एकट्या माशाच्या अंगचा गुण असल्यासारखं आपण बोलतो. तो थव्यातून येतो. थवा काढून घेतला की त्याच माशाचा सगळा धसमुसळेपणा टाकीतल्या दुसऱ्या माशांवर निघतो, आणि मग दोष त्याच्या स्वभावाला लावला जातो.

'माशाला कुठे एवढं कळतं? तीन सेकंदांत सगळं विसरतो,' हा यावरचा नेहमीचा प्रतिवाद. या वाक्याला कसलाही आधार नाही. झेब्रावर शिकण्याचे आणि लक्षात ठेवण्याचे प्रयोग वर्षानुवर्षं चालू आहेत, आणि तीन सेकंदांत विसरणाऱ्या माशावर असे प्रयोग करताच आले नसते. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे लहानपणी ज्या पट्ट्यांच्या किंवा बिनपट्ट्यांच्या माशांबरोबर झेब्रा वाढतो, मोठेपणी त्यांच्याच सोबतीला तो जातो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे संशोधन आहे. आपली माणसं कोण, हे तो बालपणी शिकतो आणि पुढे धरून ठेवतो. अशा जिवाला एकटं ठेवून 'त्याला काय कळतं' म्हणणं, ही आपल्या सोयीची समजूत आहे.

आपल्याकडे आणखी एक समजूत या सगळ्यावर पांघरूण घालते. मासा मेला की घरातलं कुणी तरी म्हणतं, घरावरचं संकट त्याने आपल्यावर घेतलं. रडणाऱ्या मुलाची समजूत घालताना हे प्रेमाने म्हटलं जातं, हे मला मान्य आहे. पण त्या एका वाक्याने चौकशी तिथेच थांबते. पाणी तपासलं जात नाही, फिल्टर का नव्हता हे विचारलं जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाऊलमध्ये नवी जोडी येते. संकट घरावर आलेलंच नसतं. ते बाऊलमध्ये आलेलं असतं आणि आपणच आणलेलं असतं. मुलाला हे सांगणं जड जातं. तरी तेच सांगायला हवं, कारण पुढचा मासा त्याच्यावर अवलंबून आहे.

आता खर्चाचा मुद्दा. 'तुमच्यासारखं करायचं तर हा छंद श्रीमंतांचाच होईल.' बघू या नेमकं काय लागतं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी साधी टाकी. तिच्यात पन्नासेक लिटर पाणी बसतं. एक एअर पंप आणि स्पंज फिल्टर, म्हणजे बाजारातला सगळ्यात साधा फिल्टर. वर झाकण, कारण झेब्रा उडी मारतो आणि सकाळी फरशीवर सापडतो. मुंबईत आणि कोकणात हिटर सहसा लागत नाही. नळाचं पाणी वापरण्याआधी क्लोरीन घालवणारे थेंब. आणि सगळ्यात आधी महिना-सव्वा महिन्याचा धीर : टाकी माशांशिवाय चालू ठेवायची, रोज चिमूटभर दाणे टाकून त्या सूक्ष्म जीवांना वाढू द्यायचं, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की मगच मासे आणायचे. पाणी तपासायचा संच दुकानात मिळतो. मग आठ ते दहा झेब्रा, त्यांत पोटाने गोलसर दिसणाऱ्या माद्या जास्त. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचं, स्पंज काढलेल्या पाण्यातच पिळायचा. दाणे दोन मिनिटांत संपतील एवढेच. यातली सगळ्यात महाग वस्तू धीर आहे, आणि तो श्रीमंत-गरीब पाहत नाही. सारखे मासे आणणाऱ्या, सारखा बाऊल बदलणाऱ्या घराचा खर्च काही वर्षांत याच्या पुढे जातो.

असा थवा एकदा पाहावा. दाण्यांची डबी उचलली की दहाही मासे टाकीच्या एका टोकाला गोळा होतात. वरच्या थरातून एका रेषेत पलीकडे जातात. काचेपाशी पोचायच्या आत सगळे एकदम वळतात आणि पट्टे एका क्षणी एकाच दिशेला चमकतात. पहाटे उजेड पडताच नर माद्यांच्या बाजूने झाडांच्या बुंध्याशी घिरट्या घालतात, कारण अंडी घालायची त्यांची वेळ तीच. बाऊलमधले दोन मासे काचेला नाक लावून वरखाली करत असतात. मासा एकच, पण बाऊल घेणाऱ्याने झेब्रा कधी पाहिलेलाच नसतो.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप मी जास्त गंभीर मानतो : मासे घरात ठेवूच नयेत, टाकी कितीही मोठी असली तरी ती कैदच. ज्याला टाकी, फिल्टर आणि थवा देता येत नाही, त्याच्याबाबतीत मी या आक्षेपाच्या बाजूने उभा आहे. त्याने मासा आणू नये. पण बाजारातले झेब्रा पिढ्यान् पिढ्या माणसाच्या हाताखालच्या तलावांत वाढलेले असतात. त्यांना जवळच्या नदीत सोडून देणं म्हणजे दया नव्हे. त्यात त्यांचाही घात आहे आणि आपल्याबरोबर ते रोग घेऊन गेले तर नदीतल्या माशांचाही. जे मासे जन्माला येऊन दुकानात पोचले आहेत, त्यांच्यापुढचा प्रश्न ते कसे जगतात एवढाच आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या हातात आहे.

कायद्याने हे सगळं होईल, अशी वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. स्वित्झर्लंडने २००८ च्या नियमावलीत समूहाने राहणाऱ्या प्राण्यांना सोबत द्यावी लागेल, असं लिहून टाकलं. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१७ मध्ये मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढले, आणि ते पुढे मागे घेतले. आज तरी दुकानदाराला दोन झेब्रा विकायला काही अडत नाही. अडवू शकतो तो फक्त गिऱ्हाईक.

म्हणून माझं मागणं दोघांकडे आहे. दुकानदाराने थव्याचा मासा आठाच्या खाली विकू नये आणि बाऊलसोबत तर मुळीच विकू नये. त्याचं नुकसान होणार नाही. टाकी घेणारा गिऱ्हाईक वर्षानुवर्षं दाणे, स्पंज, झाडं न्यायला परत येतो. बाऊल घेणारा दोन-तीनदा मासे मेले की छंद सोडतो. आणि गिऱ्हाइकाने पिशवीत मासे घेण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात : टाकी महिनाभर चालू आहे का? फिल्टर आहे का? आठ मासे ठेवता येतील का? एकाचंही उत्तर 'नाही' असेल, तर रिकाम्या हाताने घरी जावं. झेब्रा ते सोसेल, हे कारण मासा आणायला पुरेसं नाही.